बंडखोरीचा अभिप्रेत श्रोता

अमेरिकी कंट्री संगीतातील ‘आउटलॉ’ ही संज्ञा फसवी आहे. वेलन जेनिंग्ज यांचा झगडा कायद्याशी नव्हता, नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण-व्यवस्थेशी होता. कोणती गाणी कोणत्या वादकांसह मुद्रित करावीत, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना हवा होता. १९७६ मधील ‘वॉन्टेड! द आउटलॉज’ हे संकलन प्लॅटिनम ठरलेले पहिले कंट्री संकलन होय. व्यवस्थेने बंडखोरीलाच विक्रीची मुद्रा बनविले. बंडाची प्रतिमाच संकेत झाली असता बंड कोठे करावे, हा नव्या पिढीपुढील प्रश्न आहे.

स्टर्जिल सिम्पसन यांनी ‘मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक’मध्ये (२०१४) ते आशयाच्या पातळीवर केले. टायलर चिल्डर्स यांचे ‘लाँग व्हायोलंट हिस्टरी’ (२०२०) ते संबोधनाच्या पातळीवर नेते. केंटकीच्या या गायकाच्या पहिल्या आठ रचना निःशब्द, फिडलप्रधान आहेत; शब्द येतात ते नवव्या रचनेत. विषय कृष्णवर्णीयांवरील पोलिसी हिंसेचा असला, तरी अभिप्रेत श्रोता गोरा ग्रामीण माणूस आहे. हे भय आपल्या वाट्याला आले तर आपण ते सोसू काय, असा प्रश्न त्याला केला जातो. आधीचे वादन त्यामुळे केवळ प्रस्तावना उरत नाही. निवेदक श्रोत्याच्याच परंपरेतला आहे, याची ती ग्वाही ठरते.

पीडितांचा स्वतःचा आवाज येथे नाही, ही मर्यादा खरीच. तथापि इतरांच्या वतीने बोलण्यापेक्षा स्वकीयांना प्रश्न विचारणे अधिक जोखमीचे असते. ‘आउटलॉ’ या संज्ञेला अर्थ उरला असेल, तर तो या जोखमीत आहे.