औंधकरांचीं महाभारतचित्रें

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींतील आदिपर्वाचा खंड (१९३३) आमच्या पुष्कळ वाचकांच्या संग्रहीं असेल. त्याच्या मुखपत्रावर संपादक डॉ. सुखठणकर यांच्याबरोबर चित्रकार म्हणून औंधाधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें नांव असून, चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचा निर्वाळाही तेथेंच आहे. १९१८ सालीं एक लाख रुपयांचें वचन देतांना आवृत्ति सचित्र असावी, ही इच्छा त्यांचीच होती.

बाळासाहेब (१८६८–१९५१) सूर्यनमस्काराचे नित्य उपासक. हल्लींच्या सातारा जिल्ह्यांतील औंध व सांगलींतील आटपाडी, कुंडल, असें विखुरलेलें त्यांचें संस्थान; तेथील शाळांतूनही त्यांनीं नमस्कार चालू केले. यावरून त्यांच्या चित्रांस 'योगचित्रें' म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. हठयोगप्रदीपिकेंत आसनें आहेत, हा नमस्कार नाहीं. दहा स्थितींचा आणि बीजमंत्रांचा हा त्यांचा विधि मुख्यतः नेमाचा. चित्रांतही शोधावयाचा तो नेमच.

१९१६ चें 'चित्ररामायण' पाहावें. त्यांतील वळण रविवर्म्याचें, छायाप्रकाश पाश्चात्य. पुढें वेरूळ (१९२९) व अजिंठा (१९३२) यांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. रोज त्याच दहा स्थितींतून देह नेणारा मनुष्य लेण्यांतील वस्त्राची चूण किंवा केशबंध पुनः पुनः न्याहाळण्यास कंटाळत नाहीं. साधनेचें फळ आम्हीं हें समजतों. राजेलोकांच्या हौशींत असला चिवटपणा विरळा.

परंतु निर्वाळ्याचें काय? पाठ संशयित असेल तेथें सुखठणकर अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढतात. वाचक सावध होतो. चित्रकारास अशी रेघ उपलब्ध नाहीं. पोथ्या ज्याविषयीं मुक्या आहेत तें उत्तरीयही त्यास रंगवावेंच लागतें, आणि रंगविलें कीं तें प्रमाण भासूं लागतें. शिवाय 'प्राचीन' म्हणजे केव्हांचें? सांचीच्या तोरणांपासून अजिंठ्याच्या वाकाटककालीन चित्रांपर्यंत चारपांच शतकांचें अंतर आहे. उत्तरकालीन पोथींतील श्लोक मूळांत घालणें संपादकानें नाकारावें आणि उत्तरकालीन मुकुट मात्र कुरुसभेंत चालावा, हें एकाच खंडांत विसंगत दिसतें. हीं चित्रें सुंदर म्हणून ठेवावीं. कुरुकालीन वेषाचा पुरावा म्हणून उद्धृत करूं नयेत.

औंधास मूळपीठाच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय (१९३८) आहे. 'चित्ररामायण' व आदिपर्व दोन्हीं बरोबर नेऊन तेथील रविवर्म्याच्या चित्रांशीं ताडून पाहिल्यास, रंगमंचाकडून लेण्यांकडे बाळासाहेब किती चालून गेले, तें संग्राहकांस मोजतां येईल.