मधुमेहींचे आहारपत्रक आणि वऱ्हाडी स्वयंपाकघर : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मधुमेह हा शहरी आणि सुखवस्तू लोकांचा आजार आहे, ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे आढळले. ग्रामीण भागातही हे प्रमाण ६.५ टक्के होते. याच पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. अंगाने सडपातळ असलेला माणूस यातून सुटतो असेही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका ब्रिटिश सहलेखकासोबत हेच दाखवून दिले. उंची-वजनाचे गुणोत्तर सारखेच असूनही ब्रिटिश सहलेखकाच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती.

आजाराचे निदान झाले की रुग्णाच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक छापील कागद येतो. त्याला आहारपत्रक म्हणतात. आपल्या भागात कथा-कादंबऱ्यांपेक्षा हा कागद अधिक घरांत पोहोचत असावा. तरीही एक संहिता म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखिका मराठीची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. त्यामुळे पत्रकातील सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर की चूक, हा येथील मुख्य प्रश्न नाही. हा कागद कोणाशी बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि अमरावती-अकोल्याच्या स्वयंपाकघरात त्याचे काय होते, याची चिकित्सा करण्याचा हा प्रयत्न आहे.

आहारपत्रकाची संहिता

लेखिकेच्या पाहण्यात आलेल्या आहारपत्रकांची रचना साधारणपणे सारखीच आहे. सकाळी बिनसाखरेचा चहा, न्याहारीला ओट्स किंवा दलिया, दुपारी दोन फुलके, एक वाटी भाजी, सॅलड, रात्री पुन्हा तेच. त्याखाली वर्ज्य पदार्थांची यादी. क्रियापदे बहुधा 'टाळा', 'बंद करा', 'मर्यादित ठेवा' अशी आज्ञार्थी. या यादीत भाकर असलीच तर कंसात असते. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, बेसन, जवसाची चटणी, पातोडी, रोडगे हे शब्द सहसा आढळत नाहीत. ज्या पदार्थांवर वाचकाचे आयुष्य गेले, त्यांच्याविषयी संहिता मौन पाळते. या मौनाचा अर्थ वाचक आपापल्या परीने लावतो. कोणी समजतो, यादीत नाही म्हणजे चालते. कोणी समजतो, यादीत नाही म्हणजे सगळेच बंद.

दुसरा मुद्दा मापाचा. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) मराठी घरांत वाटी-चमच्याचे प्रमाण रुजवले. ते यशस्वी झाले, कारण घरातील एकच वाटी सर्व जिन्नसांना लावली की प्रमाण आपोआप जुळते. आहारपत्रकात मात्र वाटी हे निरपेक्ष माप मानले जाते. 'दोन फुलके किंवा भाकरी' असे लिहिताना फुलका आणि वऱ्हाडातील हातावर थापलेली जाड भाकर यांत सारखेच पीठ असते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एका भाकरीचे पीठ सहज दोन-अडीच फुलक्यांइतके भरते. पत्रक तंतोतंत पाळणारा रुग्णही मग दुप्पट पिठूळ अन्न खात असतो, आणि साखर उतरली नाही की दोष त्याच्या मनोनिग्रहाला दिला जातो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा संबोधनाचा आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र'पासून 'रुचिरा'पर्यंत मराठी पाकशास्त्राची पुस्तके रांधणाऱ्या व्यक्तीशी बोलतात. आहारपत्रक खाणाऱ्याशी बोलते. लेखिकेच्या वडिलांना मधुमेहाचे निदान झाले तेव्हा आहाराचा सल्ला त्यांनी एकट्याने ऐकला. आई बाहेर बाकावर बसून होती. तिला आत बोलवावे असे कोणालाही वाटले नाही, आम्हालाही नाही. घरी आल्यावर कागद देवघराच्या फळीवर गेला. आईने एवढेच विचारले, "मंग आता यायले करू काय?" त्या कागदात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढची कित्येक वर्षे आमच्या घरी दोन स्वयंपाक होत राहिले. त्यांतला बेचव स्वयंपाक वडील अर्धा टाकून देत आणि नंतर डब्यातला चिवडा खात.

सांस्कृतिक अनुरूपता म्हणजे काय?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांमध्येही तो उभा राहिला. तेथील प्रचलित सल्ला 'ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा' असा असतो. परंतु पारंपरिक चिनी जेवणात प्रत्येकाचे वेगळे भरलेले ताट नसते. भाताचा वाडगा ज्याचा त्याचा आणि भाज्या, मासे, मांस मध्ये सर्वांसाठी ठेवलेले. जेथे ताटच नाही, तेथे ताटाचे विभाजन कसे शिकवणार? त्यामुळे सल्ला वाडग्याच्या भाषेत आणि प्रत्यक्ष रांधून द्यावा लागतो. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्राने २००० साली आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून. अशा संस्कृतिसापेक्ष आरोग्यशिक्षणाच्या ३३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसीचे प्रमाण सहा महिन्यांनंतर सुमारे अर्ध्या टक्क्याने अधिक उतरल्याचे त्यात दिसते. हा फरक मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पत्रकाचे मराठीत भाषांतर करणे किंवा ओट्सच्या जागी 'कण्या' हा शब्द छापणे म्हणजे अनुरूपता नव्हे. कोण रांधते, कोण वाढते, कशात वाढते आणि नको म्हणण्याची मुभा कोणाला असते, हे जाणणे म्हणजे अनुरूपता.

या कसोटीवर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीची लोकप्रियता समजून घेता येते. विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीतून स्फूर्ती घेतलेल्या या पद्धतीत दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचे असते. तिने मराठी माणसाच्या पदार्थांना फारसा हात लावला नाही, फक्त घड्याळाला लावला. आईला वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही, हे तिच्या यशाचे एक मोठे कारण मानावे लागेल. परंतु तिची मर्यादाही येथेच आहे. पहाटे भाकर बांधून निंदणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीचे घड्याळ तिच्या हाती नसते. शिवाय साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे असते.

ज्वारीचा गौरव आणि त्याच्या मर्यादा

अनुरूपतेच्या नावाखाली दुसरेही टोक गाठले जाते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून ज्वारी म्हणजे मधुमेहावरील औषधच, असा सूर ऐकू येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली अन्नघटक-सारणी पाहिली, तर शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे अकरा ग्रॅम तंतुमय पदार्थ आढळतात. पिष्टमय पदार्थांतही फार अंतर नाही. भाकरीचे महत्त्व एकट्या धान्यात नसून तिच्या सोबतीत आहे. भाकर-बेसन, भाकर-अंबाडी, भाकर-वरण या जोड्यांत डाळ आणि पालेभाजी येते. नुसत्या ठेच्याबरोबर खाल्लेल्या तीन भाकरी मधुमेह्याला तारणार नाहीत.

शिवाय ज्वारी आज वऱ्हाडातील गरिबाचे सहज धान्य राहिलेली नाही. ज्या शेतात ती डोलत होती, तेथे कपाशी, तूर आणि सोयाबीन उभे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त दुकानातून मिळणारे आणि जानेवारी २०२३ पासून मोफत झालेले धान्य बहुतांशी गहू आणि तांदूळ आहे. गहू मोफत आणि ज्वारी विकतची, अशा घराला 'आपल्या मुळांकडे परत जा' असे सांगणे हा उपदेश झाला, सल्ला नव्हे. तेथे त्याच गव्हाच्या पोळ्या मोजून कशा खाव्यात आणि भाताच्या आधी वरण-भाजी कशी यावी, हेच शिकवावे लागेल.

चुलीजवळचे शिक्षण

आहारपत्रक रद्द करावे असे येथे सुचवायचे नाही. ते स्वयंपाकघरात नेऊन वाचले जावे, एवढेच म्हणणे आहे. आपल्या विद्यापीठ परिसरातील अनेक महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्राचे विभाग आहेत. त्यांच्याकडे प्रयोगशाळा, शेगड्या आणि वजनकाटे आहेत. जवळच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली रुग्ण आणि रांधणारी व्यक्ती अशा दोघांनाही एकत्र बोलावून तेथे वर्ग घेता येतील. पहिल्या दिवशी प्रत्येकीने नेहमीसारखी भाकर थापावी आणि ती वजनकाट्यावर ठेवावी. पुढच्या वर्गात बेसनाला लागणारे तेल मोजावे. श्रावणापूर्वी साबुदाण्याच्या उसळीचा विचार व्हावा, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना कोणी विचारत नाही. पोळ्याआधी पुरणपोळीविषयी बोलावे. ती वर्ज्य सांगितल्याने टळत नाही, चोरून खाल्ली जाते. मेळघाटातून येणाऱ्या कोरकू कुटुंबांसाठी हेच वर्ग त्यांच्या पदार्थांवरून नव्याने आखावे लागतील.

समारोप

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. आरोग्याचे ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. आजच्या आहारपत्रकात ज्ञान आहे, पण ते ज्या हातांनी अमलात यायचे, त्या हातांशी ते बोलत नाही. हा दोष केवळ वैद्यकाचा मानून आपल्याला बाजूला होता येणार नाही. भाषा, गृहअर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनीही या कागदाकडे आजवर पाहिलेले नाही. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बाईला आत बोलावणे आणि तिच्या 'करू काय?' या प्रश्नाला तिच्याच पदार्थांत उत्तर देणे, येथून सुरुवात करता येईल.