नगरदर्शनाचे वाङ्मय : बीदर आणि कल्याण

प्रवासवर्णन हा मराठी वाङ्मयाचा एक लोकप्रिय प्रकार होय, आणि त्यातही इतिहासप्रसिद्ध नगरांची वर्णने वाचकांना विशेष प्रिय असतात. परंतु ती वाचताना आमच्या मनात एक शंका वारंवार उभी राहते. लेखक नगरात जातो. किल्ला, कबरी, देवालये व बाजार पाहतो. कमानीची उंची व बांधकामाचे साल टिपून घेतो. आणि अखेरीस गतवैभवासाठी एक सुस्कारा सोडून परत फिरतो. नगराचे नाव बदलले तरी सुस्कारा तोच राहतो. नगर पाहणे आणि नगर समजणे यांत जे अंतर आहे, त्याची जाणीव अशा लेखनात क्वचितच आढळते.

ही जाणीव मराठीला अपरिचित आहे, असे मात्र नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ याची साक्ष देईल. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते मुख्यतः द्रव्यार्जनासाठी. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते त्या शहरातच होते. म्हणून त्यांची झाशी केवळ तटबुरुजांची राहत नाही. ती घराघरांतील भयभीत माणसांची झाशी होते. नगर म्हणजे त्यात राहणाऱ्यांचे व त्याचा भार वाहणाऱ्यांचे जीवन, ही दृष्टी त्या भिक्षुकास कोणी शिकविली नव्हती. पण तेच त्या पुस्तकाचे बळ आहे.

ही कसोटी आता जवळच्या मुलखाला लावून पाहू. मंठाळ हे बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील गाव. कल्याण आणि बीदर या दोन जुन्या राजधान्यांचा हा मुलूख. राजधान्या ज्या शेतीवर उभ्या राहतात तिच्या बाजूने त्यांच्याकडे पाहावयाचे असेल, तर अशा गावाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वलीने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. १४७२ मध्ये बांधलेला महमूद गवानाचा तिमजली मदरसा, १६९६ च्या स्फोटानंतर त्याचा उरलेला भाग, रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम, अष्टूरच्या कबरी, हे सर्व कोणत्याही वर्णनात येते. आणि ते यावयासही हवे. पण १४७० च्या सुमारास येथे आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने याहून अधिक पाहिले. चौलास उतरून जुन्नरमार्गे तो बीदरला पोहोचला. सरदारांचा थाट त्याने बारकाईने नोंदविला; परंतु खेड्यांतील लोक अत्यंत हलाखीत आहेत, हेही त्याच लेखणीने नोंदविले. ती दुसरी नोंद नसती तर पहिलीला इतके मोल आले नसते.

निकितिनाचे हे म्हणणे मराठी वाचकास नवे वाटू नये. कारण दामाजीच्या कथेतून आपण बीदरला लहानपणीच जाऊन आलेलो असतो. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे लोकांसाठी खुली होतात, आणि त्या धान्याचे मोल चुकते करावयास विठोबा विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी जातो. ही कथा इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि खेड्याचे कोठार व राजधानीचा दरबार यांतील ताण तिने जसा धरला आहे, तसा बीदरच्या भिंतींच्या कोणत्याही मोजमापाने धरलेला नाही. बीदरवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाने दामाजीस वगळावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

अष्टूरचेही तसेच. अहमदशहाच्या उरुसास मुसलमानांप्रमाणे लिंगायतही येतात, त्याला अल्लमप्रभूचे रूप मानतात, आणि उरुसाच्या विधीत जंगमाला मान असतो. घुमटातील रंगकाम पाहून निघून जाणाऱ्याच्या हाती हे लागत नाही.

कल्याणात तर अडचण उलट आहे. तेथे दिसावयाचे थोडे आणि जाणावयाचे पुष्कळ. सहाव्या विक्रमादित्याच्या या राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि ग्रंथाच्या शेवटी कल्याणासारखे नगर पृथ्वीवर नाही, असा तिचा गौरव केला. ते चालुक्यकालीन नगर आज जवळजवळ लुप्त आहे. पण त्या टीकेवरून हिंदू कुटुंबांच्या वारसाचे निवाडे विसाव्या शतकापर्यंत होत राहिले. याच नगरात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी श्रमाला प्रतिष्ठा दिली. सुस्कारा सोडणाऱ्या प्रवाशास येथे केवळ अभाव दिसेल. वाचकास नगर दिसेल.

यावरून कोणी मालकीहक्काचा वाद उकरून काढू नये. वचने कन्नड आहेत, ‘मिताक्षरा’ संस्कृत आहे, बीदरच्या कोरीव लेखांत फारसी आहे, दामाजीची कथा मराठी आहे. या भाषांपैकी एकच वाचणाऱ्यास ही नगरे अर्धीच दिसतात. आमचे म्हणणे इतकेच, की आपला वाटा आपण वाचावा आणि दुसऱ्यांचा जाणून घ्यावा.

सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांकडून ‘आम्ही पाहिलेली स्थळे’ हा निबंध लिहवून घेण्याचा प्रघात आहे. तो मोडू नये. मात्र त्याला एक प्रश्न जोडावा : हे उभारण्यासाठी धान्य कोणाच्या शेतातून आले? मंठाळच्या मुलास त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागणार नाही; आणि ज्या दिवशी तो ते लिहील, त्या दिवशी आपल्या प्रवासवर्णनास नवा लेखक मिळेल.