वुड्स-सॅक्सन विभव : पुस्तकातल्या आकृतीत काय राहून जातं?

अणुकेंद्रावरच्या बऱ्याच पुस्तकांत वुड्स-सॅक्सन विभवाची एक ठरलेली आकृती असते: सपाट तळ, कडेला गुळगुळीत चढ, खोली साधारण ५० एमईव्ही. आकृती कामाची आहे. तिच्याभोवतीची मांडणी मात्र खटकते.

पहिलं म्हणजे क्रम. आधी हे विभव येतं, त्यातून २, ८, २० जमतात, पुढे गाडी अडते, मग स्पिन-ऑर्बिट पद येऊन २८, ५०, ८२ मिळवून देतं. प्रत्यक्षात मेयर आणि येन्सन यांनी स्पिन-ऑर्बिटची कल्पना १९४९ मध्येच मांडली होती. वुड्स आणि सॅक्सन यांचा पेपर १९५४चा, तोही स्कॅटरिंगवरचा. धारदार कडेची चौकोनी विहीर मोठ्या कोनांना जास्तच स्कॅटरिंग दाखवायची, म्हणून त्यांनी कड मऊ केली.

दुसरं, दोघांना एकच खोली. शिसे-२०८ मध्ये न्यूट्रॉन १२६, प्रोटॉन ८२. प्रोटॉन-न्यूट्रॉन आकर्षण सरासरीने जास्त, म्हणून प्रोटॉनची विहीर न्यूट्रॉनच्या विहिरीपेक्षा खोल. वर कूलॉम्ब प्रतिकर्षण वेगळंच.

मुळात हे विभव म्हणजे एका न्यूक्लिऑनला जाणवणारा बाकी सगळ्यांचा सरासरी परिणाम, आणि त्यातले आकडे मोजमापांशी जुळवून काढलेले. लिथियम-११ मध्ये शेवटचे दोन न्यूट्रॉन जेमतेम टिकून असतात. तिथे स्थिर केंद्रांचे आकडे घातले तर उत्तर मिळेल, पण त्यावर भरवसा कसा ठेवणार? कोड चालवण्याआधी एवढं विचाराच: हे आकडे कोणत्या केंद्रांवरून आले?