एगॉन शिलेच्या कारागृहातील आत्मचित्राची भावस्थिती व प्रतीकार्थ

अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्राची समीक्षा करताना आपल्याकडे एक पद्धत रूढ झाली आहे. प्रथम चित्रकाराचे चरित्र सांगायचे, त्यातील दुःख वेचायचे आणि मग तेच दुःख रंगांत दाखवून द्यायचे. ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शिले (१८९०-१९१८) याच्या कारागृहातील जलरंगचित्रांच्या वाट्याला हे विशेषत्वाने आले आहे.

एप्रिल १९१२ मध्ये व्हिएन्नाजवळील नॉयलेंगबाख येथे शिलेला अटक झाली. अल्पवयीन मुलीला पळवून नेल्याचा आरोप टिकला नाही. कामुक रेखाटने मुलांच्या नजरेस पडतील अशी ठेवल्याबद्दल मात्र शिक्षा झाली. एकूण २४ दिवस तो कोठडीत होता. २५ एप्रिलचे त्याचे आत्मचित्र आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. कलेसाठी आणि प्रियजनांसाठी आपण आनंदाने सोसू, अशा आशयाचे वाक्य त्याने चित्रावरच लिहिले असून तेच चित्राचे शीर्षक झाले आहे.

चित्रात प्रत्यक्ष काय आहे? कृश, ताणलेला चेहरा आणि अंगरख्यात गुरफटलेले शरीर. भिंत नाही, गज नाहीत, जमीनही नाही. भोवती केवळ कोरा कागद. पेन्सिलीची रेषा तुटक व कठोर आहे, तर रंग पातळ आणि अस्थिर. जलरंगात एकदा उमटलेला डाग सहसा पुसता येत नाही. त्यामुळे रेषेचा निग्रह आणि रंगाचे ओघळणे यांत जो विरोध निर्माण होतो, तोच या चित्राची खरी भावस्थिती होय. तिला असहायता म्हणता येईल, भयही म्हणता येईल. हौतात्म्य मात्र तीत नाही. रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे अनुभाव आहेत, पण विभाव चित्राबाहेर राहिला आहे आणि तो पुरविण्याचे काम ते वाक्य करते.

याउलट १९ एप्रिलचे कोठडीचे चित्र पाहावे. बिछान्यावरील एक संत्रे हाच तेथील एकमेव प्रकाश, असे शिलेने त्यावर नोंदविले आहे. तेथे मात्र ही नोंद नसती तरी चालले असते, कारण मळकट रंगांतून ते संत्रे आपोआप डोळ्यांत भरते. प्रतीक चित्रातूनच उगवले आहे. आत्मचित्रात ते वरून चिकटविलेले वाटते.

हा भेद दुर्लक्षित राहिला, याला आर्थर रोएस्लर या समीक्षकाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेली शिलेची तथाकथित तुरुंगातील रोजनिशी बरीचशी जबाबदार आहे. ती रोएस्लरनेच रचली असावी, असे अभ्यासक आज मानतात. तरीही तिच्यातील छळ सोसणारा निष्पाप कलावंत अजून पाठ्यपुस्तकी विवेचनात वावरतो आहे. ज्या मुलांच्या संदर्भात हा खटला झाला, त्यांना मात्र या विवेचनात कोठेच स्थान नाही, हे खटकते.

वर्गात हे चित्र दाखवताना प्रस्तुत लेखक ते वाक्य आधी झाकून ठेवतो. विद्यार्थी आजार, थंडी, भीती अशी उत्तरे देतात. त्याग हा शब्द वाक्याचा अर्थ सांगितल्यानंतरच येतो.