पगाराचा करार आणि आपली समीक्षा

दलित साहित्यात एस.टी. आहे; एस.टी.चा कामगार मात्र फारसा नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बस स्थानक हे बेघरांचे घर होऊन येते आणि तिथे हमाली करणारा दादा वाचकाला विसरता येत नाही. गावकुसाबाहेरून शिक्षणाकडे नेणारी गाडीही आपल्या ओळखीची आहे. पण ती गाडी हाकणाऱ्याच्या पगाराचे काय? त्या पगारासाठी कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो? हा प्रश्न आपल्या लेखनाला आणि समीक्षेलाही क्वचितच पडला. प्रस्तुत टिपणाचा रोख या उणिवेकडे आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूरला रेल्वे नाही. शेगावचे स्टेशन, खामगावचा दवाखाना, कॉलेज, कोर्ट, सगळीकडे जायचे तर एस.टी. मोफत पासावर शिकणाऱ्या आपल्या मुलींना तर दुसरे वाहनच नाही. संप झाला की पहिला फटका त्यांना बसतो. म्हणूनच 'अडवणूक' हा प्रस्थापितांचा शब्द आपल्या वस्तीतही चटकन रुजतो. संपकऱ्याला दोष देणारा आणि संपाने अडलेला अशी दोन गरीब माणसे समोरासमोर उभी राहतात, आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो बाजूलाच राहतो.

३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपतीच्या तोंडावर, संघटनांच्या संयुक्त कृती समितीने संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी वाटाघाटी होऊन मूळ वेतनात एप्रिल २०२० पासून ६,५०० रुपयांची वाढ ठरली आणि संप मिटला. हा आकडा नीट वाचला पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये, विलीनीकरणाचा संप चालू असताना, सरकारने सेवेच्या वर्षांप्रमाणे ५,०००, ४,००० आणि २,५०० अशी वाढ जाहीर केली होती. नव्या कामगाराचा पगार फारच तुटपुंजा असल्याने त्याला अधिक, या म्हणण्यात तथ्य होते. पण त्यामुळे जुन्या-नव्यांत तेढ निर्माण झाली. २०२४ च्या तडजोडीने त्यांत अनुक्रमे १,५००, २,५०० आणि ४,००० ची भर घालून सर्वांना ६,५०० वर आणले. श्रेणीबद्ध विषमता माणसांना एक होऊ देत नाही, हे बाबासाहेबांनी जातीविषयी सांगितले. पगारपत्रकातल्या पायऱ्याही तेच काम करतात. त्या पायऱ्या एकत्र बसून मोडता येतात, हा या तडजोडीचा खरा अर्थ.

बातम्यांच्या भाषेत मात्र सरकारने वाढ 'दिली'. हे क्रियापद आपल्याला परिचयाचे आहे. बलुतेही 'दिले' जात असे. खळ्यावर किती मापे टाकायची हे देणारा ठरवी, घेणारा हात पसरी. महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते कामाचा मोबदला मर्जीवर न राहता हक्क व्हावा म्हणून. पुढे मजूरमंत्री या नात्याने, मालकाला कामगार संघटनेस मान्यता देणे भाग पाडणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. या दोन कृतींमधला धागा आपल्या समीक्षेने ओळखायला हवा होता. बलुते आणि वेतन यांत फरक पैशाचा नाही. फरक टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची असण्याचा आहे. दयेच्या नकारातून जी जाणीव जन्मते, तिचे कायदेशीर रूप म्हणजे करार.

तरीही संघटनांपुढे नुसते नतमस्तक होणे आपल्याला परवडणारे नाही. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, आणि आपली माणसे गँगमनच का राहतात, हमालाची जागाही त्यांना का मिळत नाही, हे विचारले. स्टेशन मास्तरच्या घरी हमालाकडून घरकाम करून घेतले जाई. तिथे अस्पृश्याचा हात चालत नसे. आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. साफसफाईचे काम कंत्राटात गेले. भाडेतत्त्वावरील गाड्यांचा चालक गाडीमालकाचा नोकर झाला. वाटाघाटीच्या टेबलावर या माणसांची नावे नसतात. झाडू कोणत्या जातीच्या हातात आहे हे सांगायला आकडेवारी लागत नाही. आणि जे करारात आहेत त्यांनाही कागदावरची वाढ आणि हाती पडणारी रक्कम यांतले अंतर कापावे लागते. थकबाकीचा प्रश्न २०२५ मध्येही रेंगाळलेलाच होता.

विलीनीकरणाचा संप ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांनी आत्महत्या केल्या, तरी मुख्य मागणी फेटाळली गेली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने लोक कामावर परतले. त्या महिन्यांत घरोघरी काय शिजले, कोणाचे मंगळसूत्र गहाण पडले, कोणाची फी थकली, हे कोणी लिहिले? वेदना लिहिणे आपल्याला अवघड नाही. आपण ते जगाला शिकवले आहे. पण हिशोब मांडणारा, मुद्दे लिहून नेणारा, नको त्या कागदावर सही न करणारा माणूस आपल्या साहित्याचा नायक होत नाही, तोवर आपला विद्रोह अर्धाच आहे. आक्रोश ऐकून घेणारा कधी कधी द्रवतो. करारावर सही केलेल्याला मात्र जाब विचारता येतो. आपल्या नव्या लेखकांनी आता आगारातल्या सूचनाफलकावरचा कागदही वाचावा, आणि त्या कागदात ज्याचे नाव नाही त्या झाडूवाल्याला आधी विचारावे, तुझा पगार कोण ठरवतो?