तबकडीवरील पाठ व छापील पाठ : ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ कवितेविषयीं

पोथीचें एखादें सुटें पान हातीं आलें तरी आपल्या त्रैमासिकाचा वाचक लेखनशक पाहतो, लेखकूचें नांव शोधतो, समासांतील दुरुस्त्या टिपतो, आणि मगच मजकुराकडे वळतो. याच वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाटांत लाखेच्या जुन्या तबकड्याही आहेत. त्यांची नोंद करतांना मात्र गायकाचें नांव आणि गाण्याचा पहिला चरण एवढ्यावर काम भागविलें जातें. हा भेद योग्य नाहीं, असें आमचें मत आहे. तें स्पष्ट करण्यासाठीं उदाहरण आपल्या वऱ्हाडांतीलच घेतों.

ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) हे मेहकरचे, व्यवसायानें वकील. ‘शीळ’ ही त्यांची ऐन तारुण्यांतील कविता. त्याच १९०९ सालीं खामगांवीं जन्मलेले गोविंद नारायण जोशी, म्हणजेच रसिकांचे जी. एन. जोशी, यांनीं ती गाइली, आणि १९३२ सालीं हिज् मास्टर्स व्हॉइस कंपनीनें तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा आरंभ येथून धरण्याची प्रथा आहे. ‘पहिलें’ हें विशेषण इतिहासांत जपून वापरावें, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको. पण संशोधकाच्या दृष्टीनें खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ‘शीळ’ हा देशपांडे यांचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ सालीं. म्हणजे तबकडी आधीं, आणि ग्रंथ बावीस वर्षांनीं मागून.

नाट्यपदांच्या बाबतींत असें होत नसे. ‘सौभद्र’ १८८२ चें, ‘मानापमान’ १९११ चें. पदांचीं पुस्तकें प्रेक्षकांच्या हातीं असत, आणि तबकडी त्यांच्यामागून येई. तेथें तबकडी हा दुय्यम साक्षीदार होय. गायकानें शब्द चुकविला तर किर्लोस्करांचें किंवा खाडिलकरांचें पुस्तक उघडून तो सुधारतां येतो. ‘शीळे’च्या बाबतींत हा क्रम उलटला. संग्रहापूर्वीं दोन तपें जी कविता लोकांच्या कानीं व मुखीं होती, ती तबकडीवरची. तेव्हां संग्रहांतील पाठ प्रमाण मानून तबकडीवरील वेगळा शब्द ‘गायकाची चूक’ म्हणून टाकून देणें हें पाठचिकित्सेच्या नियमांविरुद्ध आहे. बावीस वर्षांत कवि स्वतःही शब्द बदलूं शकतो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, म्हणून राजवाडे स्वस्थ बसले नाहींत. एकनाथपूर्व म्हणून त्यांनीं मानलेली पोथी त्यांनीं १९०९ सालीं छापलीच. सुकथनकरांच्या संपादनाखालीं महाभारताचें आदिपर्व भांडारकर संस्थेकडून १९३३ सालीं पुरें झालें. व्यासांच्या ग्रंथासाठीं एवढा खटाटोप ज्या काळांत झाला, त्याच काळांतल्या एका गीतासाठीं दोन साक्षीदार समोरासमोर ठेवणें हें कांहीं मोठें काम नव्हे.

मात्र तबकडी हाही निर्दोष साक्षीदार नाहीं. तिचा लेखकू म्हणजे गायक. आणि त्या लेखकूवर घड्याळाचा पहारा असे. दहा इंची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. एवढ्या अवकाशांत ध्रुवपद पुनःपुन्हां घ्यावयाचें आणि स्वरांस जागा द्यावयाची, म्हणजे कडवीं गाळणें ओघानेंच आलें. पोथींत गळालेली ओळ ही लेखकाच्या डोळ्याची चूक असते; तबकडींत गळालेलें कडवें हा हिशेब असतो. हा हिशेब आजही चालू आहे. आमच्या नागपूरचे राजा बढे (१९१२–१९७७) यांचें ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ सालीं राज्यगीत झालें, तेव्हां मूळच्या तीन कडव्यांपैकीं दोनच ठेवून तें पावणेदोन मिनिटांच्या आंत बसविण्यांत आलें. उद्यां कोणी केवळ त्या गायनावरून बढे यांचें गीत दोन कडव्यांचें ठरवील, तर त्याला दोष कसा द्यावा?

गळण्यापेक्षां भरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ओवींत व लावणींत ‘ग’, ‘रे’, ‘बाई’ हे शब्द पुष्कळदां केवळ मात्रा भरण्यासाठीं येतात, आणि ते गायकाचे म्हणून संपादक सोडून देतो. ‘शीळे’च्या बाबतींत हा नियम लावाल तर कविताच हातची जाईल. बोलणारी एक खेड्यांतली स्त्री आहे. ती रानांत घुमलेली शीळ ऐकते. ‘बाई’ म्हणते तेव्हां जणूं शेजारच्या सखीपाशीं उद्गार काढते, आणि ‘राया’ म्हणते तेव्हां दूरच्या प्रियाशीं लटकें भांडते. तक्रार एकीला ऐकवावयाची आणि पोंचवावयाची दुसऱ्याला, असा हा दुहेरी संवाद आहे. कागदावर तो एका स्वल्पविरामावर तोललेला दिसतो. गाण्यांत आवाजाचें वळण बदलतें, आणि संबोधन कोणास आहे हें सांगावें लागत नाहीं. पुरुषानें गाइलेली स्त्रीची उक्ति म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून आपल्याकडे ती रीत आहे.

उच्चारांचेंही तसेंच. ग्रामीण बोलींत ‘व’कार जाऊन ‘य’कार येतो. छापखान्यांतला मुद्रितशोधक सवयीनें असा शब्द ‘शुद्ध’ करण्याचा संभव असतो. आम्ही स्वतः शाळेंत पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें हेंच पाप केलें आहे. तबकडीवर मुद्रितशोधक नसतो. तेथें उच्चार जसा निघाला तसा राहतो.

काव्य म्हणून पाहतां, ही रचना कागदावर हलकी वाटते, हें मान्य केलें पाहिजे. अर्थ थोडा, पुनरुक्ति फार. परंतु शीळ ही मुळांतच शब्दावांचूनची हांक. ध्रुवपद फिरून येतें तें त्या हांकेसारखें, आणि शब्द थांबून स्वर लांबतो तेथें कवीला म्हणावयाचें तें पुरें होतें. गाण्यासाठीं जागा सोडून लिहिणें ही कला आहे. अर्थाची दाटी करणाऱ्या पंडित कवींना ती क्वचितच साधली. याच जोडीच्या ‘नदीकिनारी’ या गीतांतही तो गुण आहे. हानि झाली ती वेगळ्या बाजूनें. देशपांडे पुढें कित्येक वर्षें लिहीत राहिले. ‘अभिसार’ १९६३ सालीं आला, आणि ‘खूणगाठी’ या संग्रहास १९८६ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी सामान्य वाचकास विचारावें तर तो तीन मिनिटांची शीळ तेवढी सांगतो, आणि तीही बहुधा जोशी यांच्या नांवावर.

याचें कारण बऱ्याच अंशीं आपल्या याद्यांत आहे. याद्या लागल्या त्या गायकांच्या नांवांनीं. जुन्या लेबलांवर कवीचें नांव पुष्कळदां छापलेलेंच नसे. महानुभावांची रीत याहून चांगली होती. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहींशी झाल्यावर शिष्यांनीं आठवणींतून तें पुन्हां उभें केलें, आणि कोठें कोणाच्या स्मरणांतला पाठ घेतला हें ‘हिराइसा पाठ’ अशा शब्दांनीं नोंदवून ठेविलें. नागपूरच्या ह. ना. नेने यांनीं तो ग्रंथ संपादून अभ्यासकांस दिला. मूळ वचन कोणाचें आणि पाठ कोणाचा, या दोन गोष्टी त्या साध्या भक्तांनीं वेगळ्या ठेविल्या. आपण तबकड्यांच्या बाबतींत एकच ठेवितों.

वर्णन करतांना तबकडीच्या दोन्ही बाजू, लेबलावरील मजकूर अक्षरशः, यादीचा अंक, आणि लेबलाभोंवतालच्या गुळगुळीत कड्यांत उमटलेला लहानसा अंक, एवढें तरी टिपावें. हा शेवटचा अंक सर्वांत मोलाचा. लेबल व यादीचा अंक पुनर्मुद्रणांत बदलूं शकतात, पण तो मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो, आणि एकच गाणें दोनदां गाऊन घेतलें असल्यास तेंही बहुधा त्यावरूनच उमगतें. कारखान्यांत मेणावरील रेषांवरून धातूचा ठसा घेत, त्यावरून दुसरा. या दुसऱ्यास कारागीर ‘मदर’ म्हणत. आपले शास्त्री हस्तलिखितास ‘मातृका’ म्हणतात. दोघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें.

ज्यांच्या संग्रहीं ‘शीळे’ची १९३२ ची तबकडी आहे, त्यांनीं तीवरील पाठ ऐकून, पुनरुक्तींसकट व उच्चार न सुधारतां, उतरून घ्यावा आणि १९५४ च्या संग्रहाशेजारीं मांडून लेबलाच्या नकलेसह या त्रैमासिकाकडे धाडावा. तबकडी वारंवार वाजवूं नये. प्रत्येक वेळीं नवी सुई लावावी.